फॉरमॅट मारण्याआधी चावी शोधा

काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेला संगणक सकाळी सुरू करावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा यावा. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की रिकव्हरी की टाका. खाली रिकामी चौकट. कुठली की, कोणी दिली, कधी दिली, काही आठवत नाही. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. मग लॅपटॉप पिशवीत घालून तालुक्याच्या दुकानात जायचं आणि तिथे पहिलं वाक्य ऐकायचं, "भाऊ, फॉरमॅट मारावा लागेल."

हा लेख त्या वाक्याला होकार देण्याआधी वाचावा म्हणून लिहिला आहे.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात आज संगणक मोजक्या ठिकाणी असतात. ग्रामपंचायतीत, शाळेत, सेवा केंद्रात, दूध किंवा खताचा हिशेब ठेवणाऱ्याकडे आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींकडे. म्हणजे एक संगणक अडला की एका माणसाचं काम अडत नाही, रांगेतल्या सगळ्यांचं अडतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्यानंतरच्या वर्षांत दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक असं एकेक काम कागदावरून पडद्यावर गेलं. पडद्याला कुलूप कसं लागतं आणि ते कसं उघडायचं, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

म्हणून सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. सुरक्षेच्या सेटिंगमुळे बंद झालेला संगणक बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. त्यातल्या फायली जागच्या जागी असतात. चावीही बहुधा कुठेतरी असते, पण बऱ्याचदा ती दुसऱ्याच कोणाच्या खात्यात असते. घाईघाईने केलेला फॉरमॅट मात्र सगळं कायमचं पुसून टाकतो.

आधी पडद्याचा फोटो काढा

पहिलं काम म्हणजे मोबाइलवर पडद्याचा स्पष्ट फोटो. सगळा मजकूर आणि खालचे बारीक आकडे वाचता आले पाहिजेत. पुढे फोनवर कोणाची मदत घ्यायची तर "काहीतरी निळं आलंय" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

मग हे कुलूप कोणतं, ते ओळखा. साधारण चार प्रकार दिसतात. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर बिटलॉकर रिकव्हरी असं लिहून ४८ आकडी चावी मागितली जाते, हा पहिला. विंडोजचा नेहमीचा पडदा येतो, पण पिन किंवा पासवर्ड चालत नाही, हा दुसरा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच, कंपनीचं नाव दिसताक्षणी पासवर्ड मागितला जातो, हा तिसरा. आणि संगणक उघडतो, पण कोणतंही सेटिंग बदलायला गेलं की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो, हा चौथा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की साधी अडचण मोठी होते.

निळा पडदा का येतो

बिटलॉकर म्हणजे विंडोजची अशी सोय, जी डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात ठेवते. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी त्याला काहीच वाचता येत नाही. ही सोय आपण मुद्दाम सुरू केलेली नसली तरी ती सुरू असू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली. तेव्हापासून नव्या लॅपटॉपवर किंवा नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की सर्वसाधारणपणे डिस्क आपोआप सांकेतिक होते. त्याआधीही अनेक लॅपटॉपवर हे होत होतंच.

रोज सुरू करताना चावी मागितली जात नाही, कारण ती संगणकातल्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. ही चिप वाड्यावरच्या जुन्या राखणदारासारखी आहे. रोजची माणसं, रोजची वेळ, रोजचा रस्ता दिसला की ती न विचारता दार उघडते. काही बदललेलं दिसलं की दार बंद ठेवते आणि मालकाकडून चावी मागते.

हे बदल कोणते, तेही पाहू. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन कोणी सिक्युअर बूट हे सुरक्षेचं सेटिंग बंद किंवा सुरू केलं. टीपीएमचं सेटिंग हलवलं. पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली टाकायला बूटचा क्रम बदलला. बायोसचं अपडेट झालं. मदरबोर्ड बदलला. काही खेळांना विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम सुरू असावंच लागतं, म्हणून मुलं व्हिडिओ पाहून बायोसमध्ये शिरतात. घरच्या लॅपटॉपवर अचानक निळा पडदा आला, तर आदल्या दिवशी कोणी काय केलं हे न रागावता विचारा. राग दाखवलात तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि इथे खऱ्या उत्तरावरच सगळं अवलंबून आहे.

कधी कोणीच काही केलेलं नसतं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची रुपयाएवढी बटण-बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली की बायोस आपली सेटिंग विसरतो. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते आणि त्यासोबत सुरक्षेची सेटिंगही मूळपदावर जातात. ग्रामीण भागात वीज वारंवार जाते. त्यामुळे ही छोटी बॅटरी तिथे मोठी ठरते.

आणि कधी चूक खुद्द कंपनीची असते. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर आणि पुन्हा मे २०२५ मध्ये काही संगणक सुरू होताना असाच रिकव्हरी पडदा दाखवू लागले होते. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्त्याही दिल्या. चावी हाताशी असावी याचा सर्वांत मोठा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर तिथवर पोहोचायला प्रत्येक संगणकाची ४८ आकडी चावी लागत होती. चाव्यांची नोंद हाताशी असलेल्यांचं काम पुढे सरकलं. ज्यांच्या चाव्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांना आधी तो सर्व्हर सोडवावा लागला.

बदल उलटा फिरवून पाहा

चावी शोधायला निघण्याआधी पंधरा मिनिटं यासाठी द्या. अलीकडे काय बदललं हे कळलं असेल, तर ते पूर्ववत करा. आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. कधीकधी एवढ्यानेच भागतं.

नाही भागलं तर बायोस उघडा. संगणक सुरू करताच ठरावीक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं असतं. डेल आणि एसरच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१० किंवा आधी एस्केप, लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ२, असुसवर एफ२ किंवा डिलीट. आत सिक्युअर बूट बंद दिसलं आणि ते आधी सुरू होतं याची खात्री असेल, तर सुरू करा. तारीख-वेळ चुकलेली असेल तर दुरुस्त करा. बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवा. सेव्ह करून बाहेर या. चिपला ओळखीची स्थिती दिसली की ती बऱ्याचदा चावी न मागता दार उघडते.

इथे एक कडक सूचना. बायोसमध्ये क्लिअर टीपीएम असा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. त्याने चिपमधली चावी पुसली जाते. मग जुनी सेटिंग परत आणूनही उपयोग नाही, ४८ आकडे शोधण्यावाचून इलाज उरत नाही. बायोसमधली कोणतीही गोष्ट बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढा, म्हणजे परतीची वाट माहीत राहते.

चावी कुठे असते

सगळ्यांत जास्त लोक इथेच अडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

घरगुती लॅपटॉपची चावी बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपोआप जमा झालेली असते. ती पाहायला बंद पडलेला लॅपटॉप लागत नाही, मोबाइल पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या खात्याने प्रवेश करायचा, डिव्हायसेस या भागात जायचं आणि बिटलॉकर रिकव्हरी कीज पाहायच्या. संक्षिप्त पत्ता निळ्या पडद्यावरच छापलेला असतो. तो अक्षर न अक्षर पाहून टाका. गुगलवर शोधून समोर येईल त्या दुव्यावर जाऊ नका.

यादीत एकापेक्षा जास्त चाव्या असू शकतात. त्यातली आपली कोणती, हे की आयडीवरून कळतं. निळ्या पडद्यावर की आयडी लिहिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या ज्या आयडीशी जुळतात, तिच्यासमोरचे ४८ आकडे ही आपली चावी.

आता खरी अडचण. हे खातं कोणाचं? नवा लॅपटॉप घेतल्यावर बहुतेकांनी तो दुकानातच "चालू करून" घेतलेला असतो. त्या वेळी इंटरनेट आणि ईमेल मागितला गेला, तेव्हा दुकानातल्या मुलाने एखादा नवा पत्ता तयार केला, नाहीतर स्वतःचाच टाकला. शाळेत तेव्हाच्या संगणक शिक्षकाने आपला टाकला. ग्रामपंचायतीत आधीच्या ऑपरेटरने. घरात पुण्याला किंवा सुरतेला नोकरी करणाऱ्या भावाने. चावी त्या पहिल्या खात्यात गेली आणि तिथेच राहिली. त्यानंतर तुम्ही पासवर्ड कितीदा बदलला याला महत्त्व नाही.

म्हणून शोध असा घ्या. पहिल्यांदा लॅपटॉप कोणी सुरू केला, ते आठवा. त्या माणसाला फोन करा आणि त्याच्या खात्यात या की आयडीची चावी आहे का, एवढंच पाहायला सांगा. त्याचा पासवर्ड मागू नका, चावीचा फोटो पुरेसा आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून निळ्या पडद्यावर ज्या खात्यात चावी आहे त्या पत्त्याची काही अक्षरं दाखवली जातात. त्या दोनचार अक्षरांवरूनही माणूस ओळखू येतो.

याखेरीज आणखी चार जागा पाहा. लॅपटॉपच्या खोक्यात आणि बिलाच्या पाकिटात कोणी छापून ठेवलेला कागद. घरातले सगळे जुने पेनड्राइव्ह, कारण चावी फाइल म्हणून जतन केली असेल तर तिच्या नावाची सुरुवात बिटलॉकर रिकव्हरी की अशी असते. आपल्या ईमेलमध्ये आणि गुगल ड्राइव्हमध्ये त्याच नावाचा शोध. आणि लॅपटॉप नोकरीचा किंवा कॉलेजचा असेल, अथवा त्यात संस्थेच्या ईमेलने प्रवेश केला असेल, तर त्या संस्थेचा संगणक विभाग. त्यांच्याकडे चावीची नोंद असू शकते.

मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राकडून ही चावी मिळत नाही. हरवलेली चावी ते पुन्हा तयार करून देऊ शकत नाहीत. ती काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवत आहे.

४८ आकडे टाकताना

चावीचे आठ गट असतात, प्रत्येक गटात सहा आकडे. काही लॅपटॉपवर या पडद्यावर आकड्यांची बटणं काम करत नाहीत. तेव्हा एफ१ ते एफ९ ही बटणं एक ते नऊसाठी आणि एफ१० शून्यासाठी वापरता येतात.

चावी फोनवरून लिहून घेतली असेल किंवा कागद जुना असेल, तर एखादा आकडा चुकतोच. तो शोधायची एक खात्रीची रीत आहे. चावीतल्या प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर एकेक गट भागून पाहा. उदाहरणार्थ, ३४३५७४ भागिले ११ केलं की ३१२३४ येतात, बाकी शून्य. त्यातला पहिला चार कोणी आठ म्हणून वाचला, तर ३८३५७४ होतात आणि भागाकारात अपूर्णांक येतो. म्हणजे चूक याच गटात आहे. दुसरी खूण अशी की कोणताही गट ७२०८८५ पेक्षा मोठा नसतो. म्हणून आठ किंवा नऊने सुरू होणारा गट दिसला, तर तो वाचण्यात नक्की चुकला आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे हाताने लिहिताना मराठी आणि इंग्रजी आकडे सहज मिसळतात. मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नऊसारखा. चावी लिहायची तर सगळे आकडे एकाच पद्धतीने लिहा, सहा-सहाचे गट पाडा आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

पिन आणि पासवर्ड अडला तर

विंडोजचा नेहमीचा पडदा दिसतो आहे, म्हणजे बिटलॉकरने दार उघडलेलं आहे. इथली अडचण हलकी असते.

आधी कळफलक तपासा. कॅप्स लॉक सुरू आहे का? आकड्यांसाठी नम लॉक बंद आहे का? आणि मराठी टायपिंग करणाऱ्यांनी खास पाहायचं म्हणजे कळफलक मराठीवर राहिला आहे का? प्रवेशाच्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेची खूण असते. ती इंग्रजीवर आणा. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की आपण काय टाइप केलं ते दिसतं. ग्रामपंचायतीत आणि शाळेत "पासवर्ड चालत नाही" अशा तक्रारीमागे कळफलकाची भाषाच असू शकते.

पिन चुकत असेल तर साइन-इन ऑप्शन्सवर जाऊन पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडा. पिन त्या एका संगणकापुरता असतो, पासवर्ड खात्याचा असतो. दोन्ही वेगळे आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेट असेल तर पिन विसरलो या दुव्यावरून नवा पिनही ठरवता येतो.

अनेकदा चुकीचा पिन टाकल्यावर, किंवा संगणक वारंवार अचानक बंद पडल्यावर, पिनचा पर्यायच बंद होतो. संगणक किमान दोन तास चालू ठेवा आणि मग प्रयत्न करा, असा संदेश येतो. वीज गेल्यामुळे झटकन बंद पडणारा डेस्कटॉप याच खात्यात मोजला जाऊ शकतो. तेव्हा घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, त्याने मुदत आणखी लांबते. वीज टिकेल अशी वेळ पाहून संगणक दोन तास तसाच चालू ठेवा, मग सावकाश एकदाच बरोबर पिन टाका. चुकीच्या पासवर्डनेही तसंच होतं. विंडोज ११ मध्ये सहसा दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं आणि वेळ गेल्यावर आपोआप उघडतं.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्डच विसरला असेल, तर तो मोबाइलवरून त्यांच्या संकेतस्थळावर बदलता येतो. ओळख पटवणारा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येतो. इथे आपल्या भागातली एक अडचण ध्यानात घ्यायला हवी. कामासाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबांचे मोबाइल क्रमांक बदलतात, रिचार्ज राहून जातो. ९० दिवस वापर नसलेला क्रमांक कंपनी बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते. मग कोड अनोळखी माणसाकडे जातो. नोंदवलेला क्रमांक आणि ईमेल दोन्ही हातचे गेले असतील आणि ती माहिती नव्याने बदलायची असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. क्रमांक बदलला की खात्यातला क्रमांक त्याच आठवड्यात बदला.

संगणकावर मायक्रोसॉफ्ट खातं नसून स्थानिक खातं असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर रिसेट पासवर्ड असा दुवा येतो आणि खातं तयार करताना दिलेले सुरक्षेचे प्रश्न विचारले जातात. त्याच संगणकावर दुसरं ॲडमिनिस्ट्रेटर खातं असेल, तर त्यातूनही पासवर्ड बदलता येतो.

बायोसचा पासवर्ड आणि हरवलेले ॲडमिन हक्क

कंपनीचं नाव दिसताच पासवर्ड मागितला जात असेल, तर तो बायोसचा आहे. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डची बटण-बॅटरी काढून तो घालवता यायचा. आजच्या लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून जात नाही. उलट बायोसची सेटिंग विस्कटून वर बिटलॉकरचं कुलूप लागू शकतं. खरेदीचं बिल घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. बिल हाच मालकीचा पुरावा आहे, म्हणून ते लॅपटॉप असेपर्यंत जपून ठेवायचं.

चौथ्या प्रकारात कोणीतरी "सुरक्षेसाठी" आपलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरवरून साधं करून ठेवलेलं असतं आणि दुसरं ॲडमिन खातं उरलेलं नसतं. परवानगीची पाटी येते, पण 'होय'चं बटण दाबता येत नाही. शिफ्टचं बटण दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स या वाटेने सिस्टिम रिस्टोअर दिसतं. बदल होण्याआधीची तारीख तिथे असेल, तर संगणक त्या दिवसाच्या सेटिंगवर नेता येतो आणि फायली तशाच राहतात. डिस्क सांकेतिक असेल तर इथेही बिटलॉकरची चावी लागेल. काही करण्याआधी फायलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. संगणक उघडतो आहे तोवर ते सहज होतं.

खोटं कुलूप ओळखा

इंटरनेट पाहता पाहता अचानक पूर्ण पडदा भरतो, भोंगा वाजतो आणि तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे, या क्रमांकावर फोन करा, असं दिसतं. हे कुलूप खोटं आहे, ते फक्त एक वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. काहीच चाललं नाही तर संगणक बंद करून सुरू करा.

त्या क्रमांकावर फोन केलात, तर पलीकडचा माणूस दुरून संगणक पाहण्याचं ॲप टाकायला सांगेल आणि थोड्या वेळाने बँकेचं खातं उघडायला लावेल. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

चावी मिळालीच नाही तर

सगळ्या जागा पाहून, सगळ्यांना विचारूनही ४८ आकडे मिळाले नाहीत आणि सेटिंग पूर्ववत करूनही दार उघडलं नाही, तर संगणक रिसेट करण्याखेरीज मार्ग नाही. त्यात डिस्कवरचं सगळं जातं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी सांकेतिक मजकूर वाचता येत नाही. म्हणून त्यावर खर्च करू नका.

पण काय जातं आणि काय राहतं, हे शांतपणे मोजा. सातबारा, दाखल्यांचे भरलेले अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या सर्व्हरवर असतात. दुसऱ्या संगणकावरून त्याच लॉगिनने ते उघडतात. डिजिटल सही टोकनमध्ये असते, डिस्कमध्ये नाही. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवलेलं सुरक्षित असतं. जातात त्या स्कॅन केलेल्या प्रती, डेस्कटॉपवरची पत्रकं, गुणपत्रिकांच्या फायली, फोटो. घाई नसेल तर रिसेट करण्याऐवजी ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवी डिस्क घाला. वर्षभराने एखाद्या पेनड्राइव्हवर चावी सापडली, तर जुनी डिस्क तेव्हाही उघडेल.

आज करायची कामं

तुमचा संगणक आत्ता सुरू असेल, तर पुढचं काम आजच करा. स्टार्टमध्ये बिटलॉकर असं शोधा आणि मॅनेज बिटलॉकर उघडा. बॅक अप युअर रिकव्हरी की हा पर्याय दिसला, तर चावी छापून घ्या. तो दिसला नाही, तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन चावी आहे का ते पाहा. छापलेल्या कागदावर संगणकाचं नाव आणि की आयडी लिहा आणि कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. घरात जिथे सातबारा आणि पासबुक असतं, तिथे ठेवा. चोराला लॅपटॉप मिळाला, तरी चावी मिळता कामा नये.

बायोसचं अपडेट करण्याआधी किंवा त्यातलं काही बदलण्याआधी बिटलॉकरमध्ये सस्पेंड प्रोटेक्शन हा पर्याय असेल तर तो वापरा, आणि चावी समोर ठेवूनच पुढे जा. डेस्कटॉपला यूपीएस लावा आणि तारीख मागे जायला लागली की बटण-बॅटरी बदलून घ्या. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकाच्या बाहेर ठेवा.

नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की खातं माझ्या ईमेलने आणि माझ्या मोबाइलने होईल, आणि पासवर्ड मीच टाकीन. दहा मिनिटं जास्त जातील, पण चावी तुमच्या खात्यात जाईल.

सरपंच, मुख्याध्यापक आणि सेवा केंद्रचालक यांना वेगळी विनंती. संस्थेचा संगणक कोणाच्याही खाजगी खात्यावर चालवू नका. संस्थेच्या नावाचं खातं करा, त्यावर संस्थेकडे राहणारा मोबाइल क्रमांक नोंदवा आणि प्रत्येक संगणकाची चावी बंद लिफाफ्यात कपाटात ठेवा. ऑपरेटर किंवा शिक्षक बदलतो तेव्हा दप्तर, शिक्के, किल्ल्या ताब्यात घेतल्याची नोंद होतेच. त्या यादीत संगणकाच्या चावीची एक ओळ वाढवा.

एवढी कटकट आहे तर बिटलॉकर बंदच करून टाकू, असं कोणी सुचवील. ते करू नका. गावातल्या त्या एका संगणकात शेकडो लोकांचे आधार, बँकेचे तपशील आणि सह्या असतात. संगणक चोरीला गेला तर त्या सगळ्यांचं रक्षण हेच कुलूप करतं. कुलूप राहू द्या आणि चावी तेवढी आज रात्री झोपण्याआधी कागदावर उतरवून ठेवा.